बदली

लक्ष्मीपती म्याकल काल संध्याकाळी घरी आला.
उजवी चप्पल सहज काढली,
डावी काढायला त्याला भिंत लागते.
म्हणाला, टायमकीपर, वही आहे का अजून?

आहे.
मिलच्या क्रिकेट टीमचा स्कोअर मीच लिहायचो.
अक्षर बरं होतं, बॅट धरता येत नव्हती.

त्याचा खरा खेळ फुटबॉल. लेफ्ट आउट.
पार्क मैदानावर चुन्याच्या रेघेला चिकटून सुटला
की साखर पेठेतली पोरं ओरडायची :
धोटा आला, धोटा!

जिंकलं तर पंधरा रुपये, हरलं तर आठ.
मिलच्या खात्यात फुटबॉल नावाचा खर्च नव्हता.
मी व्हाउचरवर लिहायचो : गाठी उचलणे, हमाली.
खाली तो तेलुगूत सही करायचा,
सावकाश, एकेक अक्षर गोल फिरवून,
इतका वेळ त्याने कॉर्नरलाही घेतला नसेल.

थंडीत क्रिकेट.
कुणाच्या घरी लग्न निघालं, कुणाला ताप,
की शिपाई सायकलवरून त्याच्या गल्लीत.
पांढरी पँट उसनी, घोट्याच्या वीतभर वर,
बूट फुटबॉलचेच.
बॉल दिसला की आधी पाय जायचा.
चौकाराला निघालेला बॉल तळव्याखाली दाबून उभा राहिला एकदा,
कॅप्टन किंचाळला, अरे हात लाव, हात!
आणि त्याच जुलैत, रेल्वेविरुद्ध,
बॉल कोपराला चाटून गेला म्हणून शिट्टी.
रामक्का विड्या वळताना म्हणाली होती म्हणे,
कुठं हात, कुठं पाय,
तुम्हाला एकदा कुणी पाटीवर लिहून द्या.

बार्शीविरुद्धचा तो झेल.
बॉल उंच गेला, सूर्याच्या बाजूने,
हा पाठमोरा पळत सुटला, मान वर,
दोरीपाशी वळला
आणि दोन्ही हातांत घेतला, तान्हं पोर घेतात तसा.
आम्ही टाळ्या वाजवायचंही विसरलो.
मग मी पेन्सिल उचलून लिहिलं :
झे. बदली, गो. हिरेमठ.

नियमच तसा. बदलीचं नाव लिहीत नाहीत.

मिलच्या मस्टरवरही तो बदलीच.
सकाळी गेटवर उभं राहायचं,
कुणी आला नाही तर याची पाळी.
फायनल जिंका, कायम करू, म्हणायचे साहेब.
एकदा जिंकली. साहेबांची बदली झाली.
पुढच्या वर्षी मिरजेला गुडघा गेला,
आणि मग, बरीच वर्षं रखडत, मिल.

आता त्याच्या नातीने कुठून तरी फॉर्म आणलाय,
जुन्या खेळाडूंना मानधन.
आम्ही दोघं वही उलटत बसलो.
व्हाउचरं तर ऑफिसच्या रद्दीत गेली,
किलोवर.
पान सापडलं. पेन्सिल फिकी झालेली.
मी पेन उघडलं,
‘बदली’वर रेघ मारून त्याचं नाव लिहिणार,
तर त्याने तळहात ठेवला पानावर.
असू दे, म्हणाला. हिरेमठला माहीत होतं.
हिरेमठ गेले, मी म्हटलं.
मग तुला माहीत आहे.

फॉर्मात खेळ : दोन्ही.
स्थान : लेफ्ट आउट.
सोबत जोडलेला पुरावा.
त्याने पायजमा वर केला,
गुडघ्यावरची ती जांभळी शिवण दाखवली,
हे चिकटतंय का बघ.

मग चहा झाला, शेंगाचटणी बांधून दिली,
तो विचारत होता, एका व्हाउचरला किती गाठी लावायचास रे?
चाळीस, म्हटलं.
चाळीस! आणि बराच वेळ हसत राहिला.
मी उचलल्या होय चाळीस.

दारात उजवी चप्पल सरकवली.
डावीसाठी त्याचा हात चाचपडला,
तर भिंतीला बदली म्हणून
मी उभा राहिलो.